फलक हजारो, कलादिग्दर्शक कोण?

बीड - शहरातील नगर नाका, जालना रोड किंवा बार्शी नाका यांपैकी कोठेही उभे राहिले, की एका व्यवसायाचे काम डोळ्यांत भरते. त्या व्यवसायाचे नाव मात्र कोठे दिसत नाही. वाढदिवस, निवड, नियुक्ती, हरिनाम सप्ताह, शिकवणी वर्गाचा निकाल, नव्या दुकानाचा शुभारंभ, श्रद्धांजली अशा प्रत्येक प्रसंगाला फलक लागतो. कोणाचे छायाचित्र किती मोठे, नाव कोणत्या रंगात, अक्षर कोणते, रिकामी जागा किती, हे प्रत्येक फलकामागे कोणीतरी ठरविलेले असते. मुंबईच्या जाहिरात संस्थेत हे ठरविणाऱ्याला कलादिग्दर्शक म्हणतात. बीडमध्ये त्याला डिझायनर किंवा सरळ 'फ्लेक्सवाला' म्हणतात, आणि त्याने स्वतः काही ठरवावे अशी कोणाची अपेक्षाही नसते.

हा फरक केवळ हुद्द्याचा नाही. कलादिग्दर्शक म्हणजे चित्रे काढून देणारा कारागीर नव्हे. पाहणाऱ्याची नजर आधी कोठे पडावी, नंतर कोठे जावी आणि कोठे थांबावी, याचा निर्णय त्याचा असतो. छायाचित्रकार, चित्रकार, अक्षरकार यांच्याकडून काम करून घेणे त्याचे आणि ग्राहकाने वाढविलेल्या चार ओळी कापण्यासाठी भांडणेही त्याचेच. हा अधिकार अमेरिकेतही आपोआप मिळालेला नाही. तेथेही पूर्वी लेखक मजकूर लिहून पाठवी आणि दुसऱ्या खोलीत बसलेला कलाकार तो सजवून देई. न्यूयॉर्कमध्ये १९४९ मध्ये स्थापन झालेल्या 'डॉयल डेन बर्नबॅक' या संस्थेत बिल बर्नबॅक यांनी लेखक आणि कलादिग्दर्शक यांची जोडी करून दोघांना एकत्र बसविले. फोक्सवॅगनच्या छोट्या मोटारीची १९५९ मध्ये सुरू झालेली प्रसिद्ध मोहीम याच पद्धतीतून आली. हेल्मट क्रोन या कलादिग्दर्शकाने जवळजवळ सगळे पान कोरे ठेवून इवलीशी मोटार दाखविली. बीडमधील ग्राहकापुढे असा नमुना ठेवला, तर 'पैसे पूर्ण जागेचे घेता ना?' असाच प्रश्न येईल.

भारतातही लक्षात राहिलेल्या जाहिरातींमागे अशा जोड्याच दिसतात. एअर इंडियाचा महाराजा १९४६ मध्ये बॉबी कुका आणि चित्रकार उमेश राव यांनी घडविला. अमूलची ठिपक्यांच्या झग्यातील मुलगी १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि कलादिग्दर्शक युस्टेस फर्नांडिस यांनी. 'ओनिडा'चा शिंगे असलेला सैतान हे गोपी कुकडे यांचे काम. बीडच्या दृष्टीने सर्वांत जवळचे नाव मात्र र. कृ. जोशी यांचे म्हणावे लागेल. कोल्हापूरकडचे जोशी सर ज. जी. कलाशाळेत शिकले, सुमारे दोन दशके 'उल्का' या जाहिरात संस्थेत होते, नंतर पवईच्या आयआयटीत शिकविले आणि मायक्रोसॉफ्टच्या संगणकांवरील 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांनी रचला. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. विंडोजवर चालणाऱ्या फ्लेक्सच्या दुकानांतील संगणकांत एका मराठी जाहिरात कलावंताची अक्षरे अशी मुकाट्याने बसलेली आहेत.

फ्लेक्स येण्यापूर्वी बीड, अंबाजोगाई, परळी, गेवराई येथे पेंटर होते. पत्र्यावर, कापडावर, भिंतीवर ते हाताने अक्षर काढीत. जागा कमी पडली तर मजकूर कमी करा, असे ग्राहकाला सांगण्याची सोय त्यांच्याकडे होती, कारण प्रत्येक जादा शब्दाला वेळ आणि रंग लागे. काम संपले की कोपऱ्यात ते आपले नाव घालीत. गावातील लोक अक्षरावरून पेंटर ओळखत. छपाईयंत्र आल्यावर ही सारी गणिते उलटली. यंत्राला दहा शब्द आणि शंभर शब्द सारखेच. दर चौरस फुटावर ठरतो. डिझाइन त्यात 'फुकट' येते. ज्या गोष्टीचे पैसे घेतले जात नाहीत, तिच्याबद्दल मत देण्याचा अधिकारही उरत नाही. ग्राहक खुर्चीमागे उभा राहतो, मोबाइलवरून 'मॅटर' आणि छायाचित्रे पाठवितो, आणि 'अजून थोडे मोठे' एवढेच सांगतो.

यात ग्राहकाला मूर्ख ठरविणे सोपे आहे, पण ते खरे नाही. राजकीय फलक हा वस्तू विकण्यासाठी नसतो. तो जवळीक दाखविण्यासाठी असतो. वरच्या पट्टीत महापुरुष, त्याखाली राज्याचे नेते, मध्यभागी सत्कारमूर्ती आणि तळाशी शुभेच्छुकांच्या टिकलीएवढ्या चेहऱ्यांची रांग. तळाच्या प्रत्येक चेहऱ्यामागे बहुधा वर्गणी असते आणि गल्लीतील वजनही. एक चेहरा गाळणे म्हणजे एक माणूस दुखावणे. फलकाची रचना सौंदर्यावर नव्हे, तर मानपानावर उभी असते, आणि बीडसारख्या जातीच्या व गटांच्या बाबतीत हळव्या जिल्ह्यात ही मांडणी जोखमीची ठरते. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली तेव्हा कोणाच्या फलकावर कोणता चेहरा, हा प्रश्न गावोगाव आला. शरद पवार यांचे नाव व छायाचित्र प्रचारात वापरणार नाही अशी हमी अजित पवार गटाकडून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये मागितली. वाद दिल्लीपर्यंत गेला. पण फाइलमधून चेहरा काढायचे वा ठेवायचे काम दुकानातील मुलाचेच.

कामाचा हंगामही याच राजकारणाने आखलेला आहे. ३ जून आणि १२ डिसेंबरला परळीजवळच्या गोपीनाथगडाकडे जाणारे रस्ते, दसऱ्याला पाटोदा तालुक्यातील सावरगाव घाट, २०२४ पासून नारायणगडाचा मेळावा, महाशिवरात्रीला वैजनाथ, आणि निवडणुका लागल्या की सगळेच. अशा दिवसांत रात्रभर यंत्रे चालतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बीडची जागा अवघ्या साडेसहा हजार मतांनी फिरली. एवढ्या अटीतटीच्या लढतीत प्रत्येक चौकातील फलकाला किंमत असते. ती किंमत डिझाइन करणाऱ्याच्या बिलात मात्र उतरत नाही.

अधिकार नसलेल्या या माणसावर जबाबदारी मात्र येऊ शकते, आणि खरी चिंता येथे आहे. निवडणुकीच्या पत्रकांवर व फलकांवर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ अ नुसार बंधनकारक आहे. न छापल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. सार्वजनिक मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध १९९५ चा राज्याचा कायदा आहे आणि बेकायदा फलकांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर आदेश दिले. घाटकोपरचा महाकाय फलक १३ मे २०२४ रोजी कोसळून १७ जणांचा बळी गेल्यानंतर सांगाड्यांच्या मजबुतीची चर्चा झाली. फलकावर काय लिहिले आहे, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

बीडमध्ये ती व्हायला हवी होती. 'ज्ञानराधा' मल्टिस्टेट पतसंस्थेच्या शाखांतून २०२३ च्या अखेरीस ठेवी मिळेनाशा झाल्या, जून २०२४ मध्ये अध्यक्षांना अटक झाली आणि लाखो ठेवीदारांची पुंजी अडकली. संस्थेने १२ ते १४ टक्के परताव्याची आश्वासने दिली होती, असे सक्तवसुली संचालनालयाचे म्हणणे आहे. ठेवीच्या कोणत्याही जाहिरातीत व्याजाचा आकडा सर्वांत मोठा असतो आणि अटी सर्वांत बारीक. आकडा केवढा आणि अट केवढी, हा निर्णय नेमका कलादिग्दर्शकाच्या कक्षेतला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राने जून २०२२ मध्ये लागू केलेली मार्गदर्शक तत्त्वे जाहिरात संस्थांनाही बांधतात. खुलासा दाव्याच्याच भाषेत व त्याच टंकात, आणि ठळक जागी असावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. टंकाचा उल्लेख असलेला हा नियम फ्लेक्सच्या दुकानांपर्यंत कोणी पोहोचविला, हा प्रश्नच आहे.

ज्यांना हे शिकविले जाते ती मुले जिल्ह्यात थांबत नाहीत. शाळेत कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा देणारे विद्यार्थी बीडमध्येही असतात. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, आणि बहुतेकांचे चित्र तेथेच संपते. पुढे उपयोजित कला शिकायची तर छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई. दसऱ्यानंतर ऊसतोडणीच्या टोळ्या जिल्हा सोडतात त्याची नोंद तरी होते. जून-जुलैत वही-ब्रश घेऊन निघणाऱ्यांची होत नाही. परत येऊन काम उभारायचे, तर येथे डिझाइनला वेगळा मोबदला नाही. मुंबईत राहिले, तर बैठका इंग्रजीत आणि खोलीचे भाडे पगाराला न परवडणारे.

तिकडचे बुरूजही ढासळत आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'ऑम्निकॉम' समूहाने 'इंटरपब्लिक' ताब्यात घेतला आणि पाठोपाठ डीडीबी व एफसीबी ही नावे बंद करून सुमारे ४ हजार पदे कमी करण्याचे जाहीर केले. डीडीबी म्हणजे बर्नबॅक यांचीच संस्था. एफसीबीच्या छत्राखाली जोशी यांची 'उल्का' गेली होती. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता मिनिटात चित्र देतात. बीडच्या दुकानांतही ती पोहोचतील. चेहरे कापून चिकटविण्याचे काम त्यांनाच सर्वांत आधी जमेल. कोणता चेहरा, कोणता आकडा आणि किती जागा कोरी, हे ठरविण्याचे पैसे कोण देणार, हे तेव्हाही बाकी राहील. तूर्त, छपाईच्या बिलात चौरस फुटांखाली डिझाइनची स्वतंत्र ओळ लिहिण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. जिल्ह्यातील व्यावसायिकांनी एकत्र येऊन तेवढे जरी ठरविले, तरी खुर्चीमागे उभ्या असलेल्या ग्राहकाला पहिल्यांदा बसायला सांगता येईल.