माजी सैनिकांच्या सेवेचा परिचय शाळांतून करून देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

अर्जदार : सातारा जिल्ह्यातील माजी सैनिक, वीरपत्नी व पालक

विषय : माजी सैनिकांच्या मुलाखतींचा माध्यमिक शाळांच्या इतिहास प्रकल्पात समावेश करणेबाबत.

महोदय,

सातारा तालुक्यातील अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. देशातील पहिली सैनिक शाळाही १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. तरीही जिल्ह्यातील शाळकरी मुलांची माजी सैनिकांशी गाठ पडते ती बहुधा ध्वजवंदनापुरती. शाल-श्रीफळ होते, घोषणा होतात, खाऊ घेऊन मुले पांगतात. खुर्चीवर बसवलेला सुभेदार कोणत्या पलटणीत होता, हे विचारायला कोणाला सवड नसते. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचेही तेच. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो, मुले निधीला पैसे देतात. पण तो पैसा वीरपत्नी, अपंग जवान व माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी असतो, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते.

पराक्रम म्हणजे गोळीबार, ही सिनेमाने करून दिलेली समजूत शाळेतही खोडली जात नाही. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांचे काम सुरुंग काढण्याचे आणि अडथळे हटवून रणगाड्यांना वाट करून देण्याचे होते. जखमी असूनही ते मागे हटले नाहीत. एका ठिकाणी तर ते रणगाड्याखाली राहून त्याच्याबरोबर सरपटत पुढे गेले आणि दोर ओढून चालकाला इशारे देत राहिले. या कामगिरीबद्दल त्यांना परमवीर चक्र मिळाले. एवढा एक प्रसंग नीट शिकवला, तर सुरुंग कसा शोधतात, रस्ता मोकळा होईपर्यंत रणगाडे का खोळंबतात, असे प्रश्न मुलेच विचारू लागतील. नुसत्या जयजयकारातून ते निघत नाहीत.

अशी माहिती सांगू शकणारी माणसे गावोगावी आहेत, पण फार काळ असणार नाहीत. १९७१ च्या युद्धात विशीत असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे. १९६२ आणि १९६५ पाहिलेले तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले असतील.

म्हणून आठवी ते दहावीच्या इतिहास प्रकल्पात गावातील किंवा परिसरातील एका माजी सैनिकाची मुलाखत समाविष्ट करावी, ही मुख्य मागणी आहे. इच्छुकांची नावे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने त्यांच्या संमतीने शाळांना कळवावीत. भरती कुठे झाली, पहिली नेमणूक कोणती, रजा किती महिन्यांनी मिळे, चाळिशीच्या आसपास पेन्शनीत आल्यावर दुसरी नोकरी कशी शोधली, येथपर्यंत विचारपूस व्हावी. डिस्चार्ज बुक मुलांनी पाहावे, मात्र त्याच्या प्रती काढू नयेत. वीरपत्नी व वीरमाता यांच्या मुलाखतींनाही तेवढेच स्थान असावे. मनीऑर्डरीवर चाललेला संसार आणि तार आल्यानंतरची वर्षे हाही सेवेचाच इतिहास आहे. नोंदी शाळेच्या ग्रंथालयात जतन कराव्यात.

मुलाखत कशी घ्यावी, याचे प्रशिक्षण शिक्षकांना राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत द्यावे. ज्यांना युद्धाबद्दल बोलावेसे वाटत नाही त्यांना आग्रह करू नये. उपक्रमाला भरती मेळाव्याचे किंवा राजकीय सभेचे रूप येऊ देऊ नये; कवायत वाढवून इतिहास शिकवल्याचे समाधानही मानू नये. वृद्ध माजी सैनिकांना शाळेत बोलावल्यास प्रवासखर्च द्यावा, चालता न येणाऱ्यांच्या घरी शिक्षकांसह मुलांनीच जावे.

येत्या शैक्षणिक वर्षापासून अंमलबजावणी व्हावी, यासाठी आवश्यक परिपत्रक शाळा सुरू होण्यापूर्वी निर्गमित करावे, ही विनंती.

प्रत माहितीसाठी : संचालक, सैनिक कल्याण विभाग, पुणे, शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, सातारा.