विश्लेषण : मुख्यालय परदेशात, कारखाना इथे! अंतराचा फटका कुणाला बसतो?

शहापूर तालुक्यातील वासिंदमध्ये ‘जेएसडब्ल्यू’चा पोलादी पत्र्यांचा कारखाना आहे. कंपनीचे मुख्यालय मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात. अडचण आली तर अधिकारी त्याच दिवशी वासिंदला येऊन परत जाऊ शकतो. याच समूहाचे कारखाने अमेरिकेत टेक्सासमधील बेटाउन आणि इटलीतील पिओम्बिनो येथेही आहेत. तिथला कारभार मुंबईतून हाकणे इतके सोपे नसते.

अंतर म्हणजे फक्त किलोमीटर?

नाही. व्यवस्थापनतज्ज्ञ पंकज घेमावत यांनी २००१ मध्ये अंतराचे चार प्रकार मांडले : सांस्कृतिक, प्रशासकीय, भौगोलिक आणि आर्थिक. भाषा, कायदे, कामगार संघटना, ग्राहकाची ऐपत हे सारे त्यात येते.

रोजच्या कामात काय अडते?

मुंबईत सकाळचे १० वाजतात, तेव्हा टेक्सासमध्ये आदल्या रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. सकाळी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा दुसऱ्या दिवशी मिळते. मग मुख्यालय अहवाल आणि आकड्यांवर विसंबते. कारखान्यातील कौशल्य किंवा पुरवठादारांशी जुळलेले नाते आकड्यांत दिसत नाही.

याची किंमत कोण मोजतो?

पुण्याजवळच्या तळेगावचे उदाहरण ताजे आहे. ‘जनरल मोटर्स’चे मुख्यालय अमेरिकेत डेट्रॉइटला. मे २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणे थांबवत असल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी दक्षिण आफ्रिकेच्या बाजारातूनही माघार जाहीर झाली. जगभरातील नफ्या-तोट्याचा हा हिशेब होता. तळेगाव त्यातली एक ओळ. पुढे हा कारखाना केवळ निर्यातीवर चालला आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद पडले. कामगारांचा वाद न्यायालयात गेला. अखेर कारखाना ‘ह्युंदाई’ने घेतला.

मग सगळे अधिकार स्थानिकांना द्यावेत?

तेही जोखमीचे. अधिकार जास्त दिले तर मुख्यालयाचा वचक सुटतो, कमी दिले तर साध्या खरेदीलाही परवानगीची वाट पाहावी लागते. त्यामुळे बहुतेक कंपन्या पैसा आणि गुंतवणूक मुख्यालयाकडे ठेवतात. भरती, पुरवठादार, विक्री स्थानिकांवर सोपवतात.

शहापूर-मुरबाडसाठी याचा अर्थ काय?

परदेशी कंपनीत नोकरी किंवा पुरवठ्याचे काम घेताना मोठ्या नावापलीकडे तीन गोष्टी पाहाव्यात. माल इथल्या बाजारात विकला जातो का? नवी यंत्रे येत आहेत का? इथल्या व्यवस्थापकाला किती निर्णय घेता येतात? तळेगावात देशातील विक्री थांबली आणि कारखाना बंद पडला, यात तीन वर्षांचे अंतर होते. धोक्याची पहिली खूण तीच होती.