दशांश वाढला म्हणून माप नेमके होत नाही

थर्मामीटरचा आकडा 98.6 च्या पुढे गेला, की आपल्या घरांत ‘अंगात कणकण आहे’ असे ठरून जाते. हा आकडा दशांशापर्यंत मोजून काढला असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो गुणाकारातून आला आहे. कार्ल वुंडरलिश या जर्मन वैद्याने सुमारे 25 हजार रुग्णांच्या काखेतल्या तापमानाच्या नोंदी तपासून 1868 मध्ये निरोगी शरीराचे सरासरी तापमान 37 अंश सेल्सिअस असल्याचे सांगितले. 37 ला 1.8 ने गुणून त्यात 32 मिळवले, की 98.6 येतात. सेल्सिअसमधल्या 37 ला थोडे मागेपुढे चालते, हे वाचणाऱ्याला आपसूक कळते. फॅरनहाइटमध्ये जाताना ही मोकळीक गेली आणि सरासरीची लक्ष्मणरेषा झाली.

एकक बदलल्याने आकडा बदलतो, आपले ज्ञान वाढत नाही. मूळ मापात जितके सार्थ अंक, तितक्याच नेमकेपणाचा दावा रूपांतरानंतर करता येतो. 37 हे जवळच्या पूर्ण अंशापर्यंतचे माप धरले, तर खरी किंमत 36.5 ते 37.5 च्या दरम्यान कुठेही असू शकते; फॅरनहाइटमध्ये हा पल्ला 97.7 ते 99.5 असा होतो. शरीरही एका आकड्यावर थांबत नाही. पहाटे तापमान उतरते, संध्याकाळी चढते आणि हा फरक अर्धा अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी 148 निरोगी प्रौढांची तोंडातली तापमाने घेतली. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी आली 98.2. म्हणजे ज्या दशांशावर आपण विसंबतो, तोच डळमळीत आहे.

यावर कोणी म्हणेल, अंक सोडत गेलो तर माणसाचे नुकसान होईल. जमिनीच्या बाबतीत ही भीती रास्त आहे. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, अर्थात 101.17 चौरस मीटर. ‘गुंठा म्हणजे एक आर’ असा ढोबळ हिशेब अडीच एकरांना लावला, तर शेतकऱ्याची सुमारे 1260 चौरस फूट जमीन कागदावरून नाहीशी होते. पण हा दोष रूपांतराचा गुणक आधीच तोडल्याचा आहे. फूट आणि मीटर यांचे नाते व्याख्येनेच ठरलेले आहे, त्यात अनिश्चितता नाही. म्हणून आकडेमोडीत सगळे अंक ठेवावेत आणि शेवटच्या उत्तरातच मूळ मोजणीला झेपतील तेवढे राखावेत. साखळीने फुटापर्यंत मोजलेले शेत मीटरमध्ये मांडताना मिलिमीटर लिहिणे हा खोटा दावाच ठरतो.

दुसरा आक्षेप असा, की सामान्य माणसाला एकच आकडा हवा असतो, पल्ल्याने त्याचा गोंधळ उडतो. मला उलट वाटते. पल्ला माहीत नसलेला माणूस संध्याकाळचे 99 पाहून विनाकारण गोळी घेतो. म्हणून शाळेच्या पुस्तकांत आणि दवाखान्यांतल्या तक्त्यांत 98.6 च्या जागी पल्ला छापावा, आणि रूपांतराचे गणित शिकवताना प्रत्येक उत्तरापाशी मुलांना विचारावे: यातले किती अंक आपण खरोखर मोजले होते?