कॅथलिक शाळांतील समाजसेवा : तासिकेपलीकडचा प्रश्न

लखनौ शहरात गोमतीपलीकडे असलेल्या विकास नगरसारख्या मध्यमवर्गीय वसाहतींतील पालकांना कॅथलिक शाळांचे आकर्षण जुने आहे. शहरातील लोरेटो कॉन्व्हेंटची स्थापना १८७२ सालची. शिस्त आणि इंग्रजी यांबरोबरच समाजसेवेचे संस्कार हेही या शाळांचे वैशिष्ट्य मानले जाते. वृद्धाश्रमांना भेटी, कपडे व धान्य गोळा करणे, वस्तीतील मुलांना शिकविणे अशा उपक्रमांतून हे संस्कार घडावेत, अशी अपेक्षा असते. तथापि, या सेवेतून नेमके कोणाचे जीवन बदलते, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही.

लखनौतील अनेक कॅथलिक शाळा आयसीएसई परीक्षा घेणाऱ्या मंडळाशी संलग्न आहेत. या परीक्षेत ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य व समाजसेवा’ या विषयाचे मूल्यमापन शाळाच करते आणि त्यात उत्तीर्ण श्रेणी मिळाल्याशिवाय उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र मिळत नाही. ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये या विषयाचा पुरस्कार केला. त्यामागील विचार मात्र १९३७ च्या वर्धा परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या ‘नई तालीम’पर्यंत मागे जातो. कॅथलिक शिक्षणसंस्थांना त्याला जोडून आणखी एक प्रेरणा लाभली. जेझुइट संघाचे तत्कालीन प्रमुख पेद्रो अरूपे यांनी १९७३ मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे, इतरांसाठी जगणारी माणसे घडविणे हेच शिक्षणाचे उद्दिष्ट असल्याचे प्रतिपादन केले होते.

उद्दिष्ट उदात्त असले तरी अडचण अंमलबजावणीत आहे. श्रेणीसाठी केलेली सेवा अनेकदा वहीतील नोंदी आणि छायाचित्रांपुरती उरते. विद्यार्थी वस्तीत जातो आणि परत येतो. वस्तीतील मूल मात्र त्याच्या वर्गात येत नाही.

हे अंतर मिटविण्याचा लक्षणीय प्रयत्न कोलकात्यातील सियालदहच्या लोरेटो शाळेत झाला. १९७९ मध्ये मुख्याध्यापिका झालेल्या सिस्टर सिरिल मूनी यांनी गरीब मुलींचे प्रमाण वाढवीत सुमारे निम्म्यावर नेले. रस्त्यावरील मुलांसाठी त्यांनी शाळेतच ‘रेनबो’ उपक्रम सुरू केला. या मुलांना शिकविण्याचे काम शाळेतील विद्यार्थिनी नियमित वेळापत्रकातच करीत. सेवा हा येथे सहलीचा भाग नव्हता, शिक्षणाचाच भाग होता. २००७ मध्ये पद्मश्रीने गौरविलेल्या मूनी यांचे २०२३ मध्ये निधन झाले.

या उदाहरणाचे महत्त्व कायद्याच्या संदर्भात अधिक जाणवते. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या आहेत. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०१४ मध्ये अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार, अल्पसंख्याक शाळांत वंचित घटकांतील विद्यार्थी केवळ ८.७६ टक्के होते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठाने, महाराष्ट्र व तमिळनाडूतील प्रकरणांच्या सुनावणीत, २०१४ च्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून हा विषय सरन्यायाधीशांकडे सोपविला.

अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालविण्याचा अधिकार राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने दिला आहे. त्याचे संरक्षण व्हावयासच हवे. परंतु गरीब मुलांना प्रवेश देण्यास हा अधिकार कोणत्याही शाळेला मनाई करीत नाही. सियालदहच्या शाळेने कायद्याच्या सक्तीची वाट पाहिली नव्हती.

विद्यार्थ्यांच्या सेवाकार्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या वसाहतीबाहेरचे जग दिसणे, हेही मोलाचेच आहे. मात्र ज्या मुलाला तो आठवड्यातून एक तास शिकवितो, तेच मूल त्याच्या शेजारच्या बाकावर बसू शकते का, यावरच अखेर शाळेच्या सेवाभावाची पारख होईल.