निर्णय जोडप्याचा, ओझे बाईचे



अंबड तालुक्यातल्या एका गावात आमची बैठक होती. विषय रेशनचा. बैठक उठल्यावर एक बाई मागे राहिली. कडेवर चार वर्षांचा मुलगा. त्याला थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला शहरात न्यावे लागते. तिला पुन्हा दिवस गेले होते, दुसरा महिना संपत आला होता. नवरा तिच्या सख्ख्या मामाचा मुलगा, म्हणजे सासू ही मामीच. ती मामी म्हणते, "आमच्या घरात असं कुणालाच नव्हतं, हिनंच आणलं." नवऱ्याने रक्त तपासून घेतलेले नाही. "मला काय झालंय?" म्हणतो.

तिने विचारले, "ताई, हे ठेवू का नको, तुम्हीच सांगा."

मला चटकन उत्तर देता आले नाही. हे संपादकीय त्या प्रश्नातूनच लिहिते आहे.

आधी साधी गोष्ट. थॅलेसेमिया मेजर एकट्या आईकडून येत नाही. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तरच मुलाला होतो. वाहक माणूस धडधाकट असतो, म्हणून त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. दोघे वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशोब नसतो. आपल्या मराठवाड्यात मामाच्या, आत्याच्या घरी मुलगी देण्याची चाल आहे. नात्यात लग्न केल्याने दोष जन्माला येत नाही, पण एकाच आजा-आजीकडून आलेला दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याची शक्यता वाढते. ज्या घराने 'घरातली मुलगी घरात' म्हणून सून आणली, तेच घर आता आजार बाहेरून आला म्हणते!

गर्भाची तपासणी साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा अंश काढून होते. त्याआधी आईबाप दोघांच्या रक्तातला नेमका दोष शोधावा लागतो. म्हणजे बापाने हात पुढे केल्याशिवाय बाईला निर्णयापर्यंत पोचताच येत नाही.

इथे आपल्या चळवळीलाही थोडे अडखळायला होते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध आपण लढलो. १९८८ मध्ये महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला, १९९४ मध्ये केंद्राचा झाला. तरी २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. तोच केंद्राचा कायदा आनुवंशिक आजारासाठी गर्भाच्या तपासणीला परवानगी देतो. हा फरक आपण ठामपणे सांगितला पाहिजे. मुलगी असणे हा आजार नाही.

पण तेवढ्याने सुटका होत नाही. 'असली मुले जन्मालाच येऊ नयेत' असे आपण म्हणालो, तर कडेवरच्या त्या मुलाला काय सांगणार? २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलच्या रुग्णांना हक्क दिले. त्याला वेळेवर, सुरक्षित, मोफत रक्त मिळणे हा उपकार नाही. ते मिळत नसेल, तर आईचा 'नको' हा नाइलाज असतो.

आणि 'जोडप्याचा निर्णय' म्हणजे काय? इथली कितीतरी जोडपी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते. बाई तपासणीला गेली की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. अकरावा आठवडा फडातच उलटून जातो. मग निर्णय घेतला कुणी? मुकादमाने की जोडप्याने?

सिकलसेलसाठी २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. तपासणी होते, कार्ड मिळते, पत्रिकेऐवजी कार्ड जुळवा असे सांगतात. तपासणी हवीच. पण कार्ड मुलीचे आधी मागितले जाईल आणि वाहक म्हणून लग्न तिचेच मोडेल, ही भीती खोटी नाही. सायप्रसमध्ये १९८० च्या दशकात चर्चने लग्नाआधी थॅलेसेमिया तपासल्याचा दाखला मागायला सुरुवात केली. दाखल्यावर निकाल लिहिलेला नसे, तो फक्त जोडप्याला कळे. वाहक असूनही बहुतेकांनी लग्ने केली आणि पुढचे निर्णय माहिती घेऊन घेतले. गावासमोर कुणाची अब्रू काढायची गरज पडली नाही.

त्या बाईला मी ठेव म्हणाले नाही, नको असेही म्हणाले नाही. एवढेच सांगितले, की दोष दोघांचा आहे, वेळ थोडा आहे, आणि तपासणीची लेखी संमती तुला कळेल त्या भाषेत तुझीच घ्यावी लागते. गर्भपात करायचा झाला तरी सज्ञान बाईची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. आमच्यातल्या दोघी तिच्या घरी गेल्या, नवऱ्याशी आणि मामीशी बोलल्या. पुढे तिने काय ठरवले ते इथे लिहिणार नाही. ते तिचे आहे.

आपल्या गटांनी मात्र ठरवायला हवे. तपासणी आधी मुलग्यांची करू. निकाल गुप्त राहील हे पाहू. फडावर जाण्याआधी गरोदर बायकांना गाठू. जिल्हा रुग्णालयात रक्त आणि समजावून सांगणारे माणूस दोन्ही मिळावे म्हणून भांडू. आणि बाईने 'हो' म्हटले काय नि 'नाही' म्हटले काय, तिच्या दारात उभ्या राहू.