सोमवारी संध्याकाळी मीटिंग नाही

चहा नाही, कॉफी नाही, दारू-तंबाखूचं तर नावच काढायचं नाही. रविवारी सिनेमा नाही, खरेदी नाही. महिन्यातल्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडायचं आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. घरात मुलं चार, कधी पाच. अशा घराला आपल्याकडे लोक काय म्हणतील? माळकरी म्हणतील! आणि ‘बाकी सगळं ठीक, पण चहा का नाही हो?’ असं विचारल्याशिवाय उठणार नाहीत. दौंड स्टेशनावर तर अशा माणसाला गाडीत बसवून लगेच परत पाठवतील.

मित्रांनो, हे लोक म्हणजे मॉर्मन. जोसेफ स्मिथ नावाच्या माणसाने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ काढला, चहा-कॉफीचा नियम आला १८३३ साली. लोकांनी हाकलत हाकलत नेलं तेव्हा १८४७ साली ते युटाच्या वाळवंटात जाऊन वसले. पूर्वी त्यांच्यात एका पुरुषाला अनेक बायका करायची मुभा होती, ती त्यांच्या चर्चने १८९० साली अधिकृतपणे बंद केली. आता त्यांना ‘मॉर्मन’ हा शब्दही फारसा नको असतो. २०१८ साली त्यांच्या अध्यक्षांनी सांगितलं की आमचं पूर्ण नाव घ्या. ते नाव आहे ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. मॅगझिनच्या संपादकांनी मला शब्दमर्यादा दिलेली आहे, त्यामुळे मी मॉर्मनच लिहिणार, त्यांनी माफ करावं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. सिस्टर आम्हाला रोज सकाळी प्रार्थना म्हणायला लावायच्या आणि ख्रिश्चन म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर सिस्टर, फादर आणि ख्रिसमसचा केक एवढंच यायचं. मॉर्मन हे प्रकरण मला कळलं ते माझ्या मावसबहिणीमुळे. ताई आणि जिजू नोकरीसाठी सॉल्ट लेक सिटीजवळ राहतात आणि त्यांचे शेजारी मॉर्मन आहेत. चार मुलं, सगळ्यात मोठा नऊ वर्षांचा आणि धाकटी दोन वर्षांची. ताईची मुलगी चार वर्षांची, ती दिवसभर त्यांच्याच अंगणात. पण सोमवार आला की संध्याकाळी ती मुलं खेळायला बाहेर येत नाहीत. ताईला आधी वाटलं आपलं काही चुकलं. मग एका सोमवारी त्यांनीच बोलावलं.

ताई सांगते ते ऐकण्यासारखं आहे. फ्रिजवर एक तक्ता लावलेला असतो. या आठवड्यात गाणं कोण निवडणार, प्रार्थना कोण म्हणणार, गोष्ट कोण सांगणार, खेळ कोणाचा आणि खाऊ कोणाचा, हे त्यावर लिहिलेलं. दर आठवड्याला नावं सरकतात. त्या दिवशी गोष्ट सांगायची पाळी सहा वर्षांच्या मुलीची होती. तिने गोष्ट अर्धी सांगितली आणि उरलेली विसरली. दोन वर्षांची सोफ्याखाली जाऊन बसली. मधल्या दोघांची खाऊच्या वाटणीवरून मारामारी झाली, वडिलांनी एकाला उचलून दुसऱ्या टोकाला बसवलं आणि प्रार्थना पुढे चालू! सगळं मिळून पंचवीस मिनिटं. ताई म्हणाली, ‘‘अगं, मला वाटलं होतं चर्चसारखं गंभीर काहीतरी असेल. हे तर आपल्याकडच्या गणपतीच्या आरतीसारखं निघालं, अर्ध्यांना चाल येत नाही आणि सगळ्यांचं लक्ष प्रसादावर.’’

या प्रकाराला ते ‘फॅमिली होम इव्हनिंग’ म्हणतात. चर्चने १९१५ साली कुटुंबांना सांगितलं की अशी एक संध्याकाळ घरात ठेवा, आणि १९७० साली सगळ्यांसाठी सोमवार ठरवून दिला. इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, यात काय नवीन? आपल्याकडे रोज शुभंकरोती होतं. शिरूरला माझ्या आजोळी आजी अजूनही दिवेलागणीला हरिपाठ म्हणते. मराठी ख्रिस्ती घरांतून कौटुंबिक उपासना आहे. शिरूरला तर अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं एकोणिसाव्या शतकापासून होतं, तेव्हा ही पद्धत आमच्या घोडनदीच्या काठालाही नवी नाही. मुलांना जवळ घेऊन बसावं हे शिकायला युटाला जायची गरज नाही, हे मलाही मान्य आहे.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. १९७० साली सोमवार ठरवताना चर्चने नुसता उपदेश केला नाही. त्या संध्याकाळी चर्चची स्वतःची कामं ठेवायची नाहीत असं ठरवलं. बैठका नाहीत, कार्यक्रम नाहीत. मॉर्मनांच्या चर्चमध्ये पगारी पाद्री नसतात. गावातलाच कुणी डॉक्टर, प्लंबर, मास्तर आपला धंदा सांभाळून चर्चचं काम करतो, त्यामुळे आठवडाभर संध्याकाळी कसली ना कसली मीटिंग असतेच. म्हणजे मुलांचा वेळ खाणारं चर्चच होतं आणि त्यानेच आपला हात मागे घेतला. आपल्याकडे उपदेश करणारे भरपूर. ‘मुलांना वेळ द्या’ असं सांगणारी व्याख्यानं होतात, आणि ती व्याख्यानंसुद्धा संध्याकाळी सात वाजता ठेवतात!

आता दौंडकडे या. आमचं दौंड म्हणजे जंक्शन. घरटी एक माणूस रेल्वेत किंवा राज्य राखीव पोलीस दलात किंवा कुरकुंभच्या कंपनीत. माझे पप्पा मालगाडीवर गार्ड आहेत. (२०२२ पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. नाव मॅनेजरचं झालं, पण रात्री अडीचचा कॉल चुकला नाही.) रनिंग स्टाफला सोमवार-मंगळवार नसतो. कॉल आला की निघायचं, गाडी पोचेल तिथल्या रनिंग रूममध्ये झोपायचं, पुन्हा कॉल आला की परत. माझा भाऊ छोटू सात वर्षांचा आहे. शाळेतून आला की तो आधी दाराजवळ बघतो, पप्पांची बॅग आहे का. बॅग असली तर हळू बोलतो, कारण पप्पा झोपलेले असणार. बॅग नसली तर मोठ्याने बोलतो. त्याच्या दृष्टीने पप्पा घरी असणं म्हणजे घरात आवाज न करणं! हे मी दिवाळीच्या सुट्टीत पाहिलं आणि तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

एसआरपीच्या घरांतलं याहून अवघड. बंदोबस्ताला कंपनी गेली की किती दिवसांनी येईल ते सांगता येत नाही, आणि बंदोबस्त लागतो नेमका गणपतीत, निवडणुकीत, म्हणजे मुलांना सुट्टी असते तेव्हा. शिरूरला गेलं तर रांजणगावच्या एमआयडीसीत तीन शिफ्ट. माझा मामा एका आठवड्यात फर्स्ट, दुसऱ्या आठवड्यात सेकंड, तिसऱ्यात नाइट. आजीचा हरिपाठ चालू असतो तेव्हा तो एकतर कंपनीत असतो नाहीतर डबा भरून निघायच्या घाईत. हरिपाठ आहे, पण घर जागेवर नाही. आता गाड्या संध्याकाळी थांबवता येत नाहीत, बंदोबस्त पुढे ढकलता येत नाही, हे मलाही कळतं. मग त्या घरांनी काय करायचं? आमच्या मम्मीने एक काढलं आहे. पप्पांची मोठी रेस्ट ज्या दिवशी येईल त्या दिवशी छोटूचा क्लास बंद. क्लासच्या मॅडमना आवडत नाही. पण मम्मी म्हणते, ‘‘गाडी लेट झाली तर रेल्वे माफी मागत नाही, मी कशाला मागू?’’

इथे मला मॉर्मनांशी भांडायचंही आहे, नाहीतर वाटेल मी त्यांचा प्रचार करते आहे. त्यांच्या चर्चने १९९५ साली कुटुंबाविषयी एक जाहीरनामा काढला. त्यात म्हटलं आहे की घराचं नेतृत्व करणं आणि कमावणं ही वडिलांची जबाबदारी आणि मुलांचं संगोपन ही मुख्यतः आईची. दोघांनी एकमेकांना समान भागीदार म्हणून मदत करावी असंही त्यात आहे, पण आधी कामाची वाटणी करून मग समान म्हणायचं याला काय अर्थ? ताईला मी मुद्दाम विचारलं, तो फ्रिजवरचा तक्ता कोण बनवतं? उत्तर तुम्हाला माहीतच आहे. आई बनवते. खाऊ कोणाचा असं लिहिलेलं असलं तरी तो ओव्हनमधून काढते आईच. आमच्याकडेही क्लास बंद करायचा निर्णय, मॅडमचा फोन आणि त्या दिवशीचा विशेष स्वयंपाक, तिन्ही मम्मीच्या डोक्यावर. पप्पांच्या वाट्याला फक्त जागं राहणं.

घर म्हणजे वडील पुढे आणि आई मागे, एवढाच साचा असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी दौंड तालुक्यातल्याच केडगावला जाऊन यावं. पुणे-दौंड लोकलने येताना यवतनंतर खुटबाव आणि मग केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. रमाबाईंचे पती १८८२ साली गेले तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा एक वर्षाचीही झालेली नव्हती. पुढे इंग्लंडमध्ये आई चेल्टनहॅमच्या कॉलेजात आणि मुलगी वाँटेजला सिस्टरांकडे, असेही दिवस गेले. आपल्या भाषेत सांगायचं तर पोरगी चार-पाच वर्षांची असताना हॉस्टेलला! त्याच बाईने १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत उपाशी मुली आणि विधवा शेकड्यांनी केडगावला आणल्या आणि त्यांचं घर उभं केलं. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायका चालवत होत्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात मुक्तीच्या बायकांनी छापलं. पुढे तिथे मुलींना एका मोठ्या हॉलमध्ये न ठेवता लहान लहान घरांत, एकेका सांभाळणाऱ्या बाईच्या हाती वाढवायची पद्धत पडली. त्या घरांत वडील नव्हते, तरी संध्याकाळ होती. मॉर्मनांच्या जाहीरनाम्याला माझ्याकडून केडगाव हेच उत्तर आहे.

आणखी एक गंमत वाचण्यात आली ती सांगते. मॉर्मन आपल्या भागात पूर्वीच येऊन गेले आहेत! ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक १८५२ साली मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याच्या लष्करात आला. छावणीतल्या अधिकाऱ्यांनी त्याला फारसं उभं केलं नाही, जमले ते मूठभर लोक, आणि काही वर्षांतच सगळे परत गेले. त्यानंतर १९९३ साली बंगळूरला मिशन निघालं आणि २०१८ साली तिथल्या मंदिराची घोषणा झाली. पुण्याच्या लष्करात चहा न पिता त्या माणसाने दिवस कसे काढले असतील, देव जाणे.

हॉस्टेलवाल्यांसाठीही यात थोडं आहे. मॉर्मनांची मुलं अठराव्या वर्षापासून दोन वर्षं घर सोडून प्रचाराला जातात, म्हणजे बरोबर आपल्या वयाची. पूर्वी त्यांना घरी फोन करायची परवानगी वर्षातून दोनदा होती, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. २०१९ च्या फेब्रुवारीत चर्चने नियम बदलला आणि दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल चालेल असं सांगितलं. आपल्याला असा कुठलाच नियम नाही, खिशात फोन आहे, आणि तरी आपण ‘जेवलीस का? हो. अभ्यास? चालू आहे. ठेवते’ इतकं बोलून ठेवतो. छोटू तर माझ्याशी बोलताना दुसऱ्या मोबाईलवर गेम खेळतो. त्याच्यावर रागवायला तोंड नाही, मीही त्या वेळी असाइनमेंट कॉपी करत असते.

आता शेवटची गोष्ट, आणि ही स्टाफने वाचावी म्हणून लिहिते. आपल्या कॉलेजात संध्याकाळी साडेसहाला ‘अर्जंट’ मीटिंग लागते. कमिटी यायची असली की फाइलींसाठी सर-मॅडम आठ-साडेआठपर्यंत थांबतात. आमच्या एका मॅडमचा मुलगा यूकेजीत आहे. तो कितीतरी वेळा स्टाफरूममध्ये बेंचवर झोपलेला आम्ही पाहिला आहे, दप्तर डोक्याखाली घेऊन. रेल्वेला गाडी थांबवता येत नाही. पण फाइल ही गाडी नव्हे, ती सकाळी दहा वाजताही तिथेच असते. तेव्हा आपल्या कॉलेजने आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी ठेवावी अशी माझी मागणी आहे. सोमवारच बरा. पाचनंतर मीटिंग नाही, एक्स्ट्रा लेक्चर नाही, सबमिशन नाही, आणि फक्त मॅडमना नाही, सरांनाही घरी पाठवायचं. अडचण एकच आहे, थर्ड इयरच्या सी बॅचचं प्रॅक्टिकल सोमवारी साडेपाचपर्यंत चालतं. ते मंगळवारी दुसऱ्या स्लॉटला बसतं. लॅब तेव्हा रिकामी असते, टाइमटेबल मी बघून आले आहे.