ट्रॅकवर जाण्यापूर्वी...

चेन्नई किंवा कोइमतूरच्या रेस ट्रॅकवर हौसेने स्वतःची मोटार पळवायची आहे? मग आधी ब्रेक ऑइल बदलून घ्या. ते हवेतील ओल शोषते. नव्या डॉट-४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओल धरल्यावर तो १५५ पर्यंतही उतरतो. ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही!

पाण्याचा काटा जागेवर असला, तरी इंजिन ऑइल तापून पातळ होत असते. म्हणून तीन-चार वेगवान फेऱ्यांनंतर एक फेरी सावकाश मारा. पेडल मऊ लागताच बाहेर पडा. गाडी उभी केल्यावर तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड लावा.